सदतिसास एक

पुणे-मुंबईच्या दरम्यान दिवाळीत एकदाही फेरी घातली नाही, असे मराठी कुटुंब विरळाच. कोणाची बहीण दादरला, कोणाचे आजोळ शनिवार पेठेत. सणाच्या दिवसांत दोन्हीकडच्या गाड्या माणसांनी आणि फराळाच्या डब्यांनी भरून वाहत असतात. वाटेत बोरघाट लागतो. पुण्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. तेवढ्या अवधीत वडीलधारी मंडळी बटाटेवडे घेतात आणि पुढे मुले बोगदे मोजू लागतात. पण एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. गुळगुळीत पोलादी चाक गुळगुळीत पोलादी रुळावर टेकलेले असताना ते एवढा चढ चढते तरी कसे? आणि त्याहून अवघड गोष्ट म्हणजे, उतरताना ते थांबते कसे?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर घर्षण या एका शब्दात आहे. परंतु शब्द सांगितला म्हणजे उत्तर मिळाले असे नव्हे. किती घर्षण, हे कळल्याशिवाय घाटात रूळ टाकता येत नाही. ते ‘किती’ माणसाने कसे मोजले, आणि ते नीट मोजून होण्याच्या आतच आपल्या सह्याद्रीत गाडी कशी धावू लागली, याची हकिकत मला फार दिवसांपासून सांगावयाची होती.

घर्षणाशी आपल्या घरांचा परिचय जुना आहे. जात्याच्या दोन तळ्या गुळगुळीत झाल्या की दाणे भरडेनासे होतात. मग टाकीवाल्याला बोलावून दगडाला टाकी लावून घ्यावयाची, म्हणजे घर्षण वाढवावयाचे. उलट बैलगाडीचा आख करकरू लागला की त्याला वंगण घालावयाचे, म्हणजे घर्षण कमी करावयाचे. एकाच घरच्या माणसांना सकाळी ते वाढवावे लागे आणि दुपारी कमी करावे लागे. मात्र त्याला माप लावण्याची गरज कोणाला भासली नव्हती. हाताचा अंदाज पुरेसा होता.

माप लावणे तसे कठीण नाही. मी पुण्यात यंत्रविद्येचे शिक्षण घेत असताना प्रयोगशाळेत पहिल्या काही प्रयोगांत हाच प्रयोग केला होता, आणि परवा माझ्या नातवंडांना तो घरीच करून दाखविला. एक सपाट लाकडी फळी घ्यावी. तिच्यावर सपाट बुडाची पितळी वाटी ठेवावी. फळीचे एक टोक हळूहळू उचलीत जावे. एका विशिष्ट उंचीला वाटी आपण होऊन घसरू लागते. त्या क्षणी हात थांबवावा. फळीच्या वरच्या टोकाची उंची मोजावी, आणि त्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे जमिनीवरचे आडवे अंतर मोजावे. उंचीला या अंतराने भागले की जो आकडा येतो, तो लाकूड आणि पितळ या जोडीचा घर्षणगुणांक. आमच्या फळीवर अंतर ४० सेंटिमीटर आणि उंची १४ सेंटिमीटर आली. म्हणजे गुणांक ०.३५. वाटीत तांदूळ भरून पुन्हा पाहिले, तरी ती जवळपास त्याच उंचीला घसरली. मग वाटीच्या बुडाला तेलाचा हात फिरविला, तेव्हा मात्र ती खूपच लवकर निघाली.

या लहानशा खेळात दोन मोठ्या गोष्टी आहेत. पहिली अशी की, वजन वाढले की घर्षणही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून गुणांक तोच राहतो. दुसरी अशी की, घर्षणगुणांक हा एकट्या लाकडाचा नसतो आणि एकट्या पितळेचाही नसतो. तो जोडीचा असतो. लग्नात जसे एकट्या वराचे गुण सांगून संसार कसा होईल ते सांगता येत नाही, तसेच हे. शिवाय दोघांच्या मध्ये तेल आले, पाणी आले, धूळ आली की आकडा बदलतो.

पहिली गोष्ट युरोपात लिओनार्दो द व्हिंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस टिपून ठेवली होती, पण त्याच्या वह्या बंदच राहिल्या. मग १६९९ साली पॅरिसच्या विज्ञानसभेपुढे आमोंताँ याने तीच गोष्ट मांडली. त्याच सभेने पुढे घर्षणावरील निबंधाला बक्षीस लावले. १७८१ साली ते कूलाँ नावाच्या लष्करी अभियंत्याने मिळविले. पुढे विजेच्या नियमामुळे शाळकरी मुलांना ठाऊक झालेला कूलाँ तो हाच. जहाजबांधणीच्या जागी बसून त्याने लाकडावर लाकूड, लाकडावर धातू, धातूवर धातू अशा जोड्या घासून पाहिल्या आणि एक सोयीचा नियम सांगितला : वस्तू एकदा सरकू लागली की तिचा वेग कितीही असो, घर्षण जवळजवळ तेवढेच राहते. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. या कथेत पुढे त्याचे काम आहे.

रेल्वे आली तेव्हा पहिली शंका चाकाबद्दलच निघाली. गुळगुळीत लोखंड गुळगुळीत लोखंडावर जागच्या जागी फिरत राहील, पुढे जाणारच नाही, असे पुष्कळांना वाटे. त्यामुळे १८१२ साली इंग्लंडात लीड्सजवळच्या खाणीवर ब्लेंकिन्सॉपने दातेरी रूळ आणि दातेरी चाक वापरले. त्याच सुमारास वायलम येथील कोळशाच्या खाणीवर विल्यम हेडली याने एक गाडा तयार करविला. माणसे गाड्यावर उभी राहून दांड्यांनी चाके फिरवीत. गाड्यावर कमीअधिक वजन ठेवून, मागे किती वाघिणी जोडल्या म्हणजे चाक जागीच फिरू लागते, ते त्याने पाहिले. त्यावरून सिद्ध झाले की पुरेसे वजन असेल तर साधे चाकही रूळ धरून ठेवते. सगळ्या जगातली रेल्वे एका अर्थी या गाड्यावर उभी आहे.

आता आपल्या घाटाकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, आणि लोहमार्ग सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन ठेपला. १८५८ साली पुणे ते खंडाळा हा वरचा भागही सुरू झाला. मधला घाट मात्र मोकळाच होता. उतारूंनी खोपोलीस उतरावे, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट चढावा, आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसावे, असा तो द्राविडी प्राणायाम होता. तो संपविण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्याकडे होते.

बर्कले यांच्यापुढचा प्रश्न घर्षणाचाच होता. चढ फार ठेवावा तर चाक घसरेल, कमी ठेवावा तर मार्ग लांबेल आणि बोगदे वाढतील. ऑस्ट्रियातील झेमरिंगच्या डोंगरात १८५४ साली चाळीसास एक या चढावर साध्या चाकांची इंजिने धावू लागली होती. बोरघाटात सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक ठरला. म्हणजे ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवतही नाही. नातवंडांच्या फळीवर हा उतार ठेवला तर वाटी हलणारसुद्धा नाही. पण आगगाडीची गोष्ट निराळी.

हिशेब करून पाहू. सपाटीवर एक टन वजनाची गाडी चालती ठेवण्यास साधारण ३-४ किलोचा ओढा पुरतो, इतके पोलादी चाक पोलादी रुळावर सहज गडगडते. सदतिसास एक चढावर मात्र प्रत्येक टनामागे आणखी २७ किलोचा ओढा लागतो. एकूण सुमारे ३०. आता सोयीसाठी १०० टनांचे इंजिन धरा. कोरड्या रुळावर त्याची चाके आपल्या वजनाच्या साधारण पाव हिश्श्याइतका ओढा देऊ शकतात, म्हणजे २५ टन. चाके घसरण्याचा तेवढा विचार केला, तर सपाटीवर हे इंजिन सहा हजार टनांहून अधिक ओढील. घाटात तेच जेमतेम सातशे टनांवर येईल. आणि पावसाळ्यात, रूळ ओले झाले आणि पाव हिस्सा घटून सातव्या हिश्श्यापर्यंत आला की, चारशेच्याही खाली. इंजिनाची ताकद तीच, वाफ तीच, फक्त दोन पोलादांमध्ये पाण्याचा एक पापुद्रा आला! इंजिनांवर कोरड्या वाळूच्या पेट्या असतात आणि चाकापुढे वाळूची धार सोडतात, ती याचसाठी. जात्याला टाकी लावण्याचाच तो प्रकार.

घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी धावली. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि दरीवरचे ८ पूल. एवढ्यानेही उंची साधेना, म्हणून खंडाळ्याच्या अलीकडे गाडीने एका कड्यावर थांबावे, इंजिन दुसऱ्या टोकास लावावे आणि उलट दिशेने पुढची चढण चढावी, अशी उलटफेऱ्याची जागा ठेवावी लागली. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल १८५९ साली काम सोडून गेला. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, त्याच वर्षी इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवून पुरे केले. बर्कले स्वतः १८६२ साली निवर्तले. त्यांना घाटातून गेलेली गाडी पाहावयास मिळाली नाही. पण या चार नावांच्या खाली ज्यांची नावे कोठेच नाहीत अशी माणसे आहेत. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर एका वेळी घाटात राबत होते. पटकीने आणि कड्यांवरच्या अपघातांनी त्यांतले हजारो गेले. सदतिसास एक हा आकडा कागदावर काढणे एक, आणि तो काळ्या पाषाणात कोरणे दुसरे.

चढण्याची ही कथा झाली. खरी कसोटी उतरताना लागते. जो उतार टनामागे २७ किलोंनी गाडी मागे खेचतो, तोच परतीला तितक्याच जोराने पुढे ढकलतो, आणि अडविण्यास टनामागे फक्त ३-४ किलोंचा विरोध असतो. म्हणजे मोकळी सोडलेली गाडी थांबणे शक्यच नाही, तिचा वेग वाढतच जाणार. तिला धरावयाचे ते चाकावर दाबलेल्या ठोकळ्याने. सुरुवातीला हे ठोकळे लाकडी असत, मग बिडाचे आले. बीड आणि पोलाद, या दोन निराळ्या धातूंच्या घर्षणावर सगळ्या उतारूंचा जीव टांगलेला.

हे काम केवढे आहे त्याचा अंदाज घ्यावा. ५०० टनांची गाडी घाटमाथ्यावरून पायथ्याशी आणली, तर ठोकळ्यांनी आणि चाकांनी जी उष्णता सोसावयाची, तिच्यात सुमारे आठ हजार लिटर पाणी उकळेल. आपल्या अभ्यंगस्नानाचे वीस लिटरांचे चारशे बंब! आणि हे सर्व काही मिनिटांत, हाताच्या पंजापेक्षा फार मोठ्या नसलेल्या बिडाच्या तुकड्यांवर.

मग प्रश्न असा की, बीड आणि पोलाद यांचे घर्षण चालत्या गाडीत किती असते, हे १८६३ साली कोणाला माहीत होते? कूलाँचा नियम होता : वेग कितीही असो, घर्षण तेवढेच. तो टेबलावर, हळू सरकणाऱ्या ठोकळ्यांवर काढलेला होता. मैलामागून मैल धावणाऱ्या चाकावर तो लागू पडतो का, हे कोणी नीट मोजून पाहिले नव्हते.

ते मोजले गेले १८७८ साली, म्हणजे आपला घाट सुरू झाल्यानंतर पंधरा वर्षांनी. मोजणारा कॅप्टन डग्लस गॉल्टन हा ब्रिटिश लष्करातला अभियंता. इस्पितळांत हवा आणि उजेड कसा खेळवावा याचाही त्याने अभ्यास केला होता. त्याच्या मदतीला हवेच्या ब्रेकचा जनक जॉर्ज वेस्टिंगहाउस होता. लंडन-ब्रायटन मार्गावर त्यांनी एक खास डबा चालविला. ठोकळा चाकावर किती जोराने दाबला जातो, चाक त्या ठोकळ्याला किती जोराने ओढते आणि त्या क्षणी वेग काय आहे, या तिन्ही गोष्टी यंत्रेच फिरत्या कागदावर लिहून ठेवीत. ओढीला दाबाने भागले की गुणांक हाती येई. फळी आणि वाटीचाच हिशेब, फक्त ताशी ६० मैलांच्या वेगाने केलेला.

निकाल पाहून जाणते लोकही चकित झाले. गाडी थांबण्याच्या बेतात असताना बीड आणि पोलाद यांचा गुणांक सुमारे ०.३३ होता. ताशी २० मैलांना तो ०.१९ वर आला. ताशी ६० मैलांना केवळ ०.०७. म्हणजे गाडी जेव्हा सर्वांत जोरात पळत असते, नेमका तेव्हाच ब्रेक सर्वांत दुबळा असतो! इतकेच नव्हे, तर ठोकळा चाकावर जितका वेळ घासत राहील तितके घर्षण आणखी कमी होत जाते. आणि तिसरी गोष्ट : घाबरून ब्रेक इतका आवळला की चाक फिरायचेच थांबले, तर गाडी लवकर थांबत नाही. चाक रुळावरून घसरत जाते, आणि ती पकड फिरत्या चाकाच्या पकडीपेक्षा पुष्कळच कमी असते.

आता हे तीन निष्कर्ष घाटाला लावून पाहा. उतारावर ठोकळे मिनिटेच्या मिनिटे घासत असतात. तापून त्यांची पकड घटते. पकड घटली की वेग वाढतो, आणि वेग वाढला की पकड आणखी घटते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की चालकाच्या हाती काही उरत नाही. गाडी हाताबाहेर जाण्यापूर्वीच धरली तर धरली.

मला कौतुक वाटते ते या गोष्टीचे की, ज्यांना हे आकडे ठाऊक नव्हते त्यांनी आपल्या अज्ञानाची जाणीव ठेवली होती. घाटातल्या जुन्या योजनेत पकडरुळाची सोय आहे. उतरत्या मार्गातून एक फाटा निघतो आणि डोंगराच्या अंगाने वर चढत जाऊन संपतो. सांध्याची ठेवण अशी की, मार्ग नेहमी या फाट्याकडेच वळविलेला असावा. उतरणाऱ्या गाडीने सांध्यापूर्वी पूर्ण थांबावयाचे. थांबली, म्हणजे तिचा ब्रेक शाबूत आहे हे सिद्ध झाले. मगच सांधा फिरवून तिला पुढची वाट द्यावयाची. न थांबली तर ती आपण होऊन फाट्यावर जाईल आणि चढच तिला थांबवील. ब्रेकवर विश्वास टाकावयाचा नाही, त्याने तो प्रत्येक खेपेस मिळवावयाचा. मंकी हिल, ठाकुरवाडी, जांबरुंग या घाटातल्या ठिकाणी गाडी कारण नसताना थांबली म्हणून उतारू कुरकुरतात. ते थांबणे हे एक मोजमापच असते.

पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. १९२९ च्या सुमारास घाटात वीज आली, आणि उलटफेऱ्याची जागाही नव्या बोगद्यांमुळे सुटली. मालगाड्यांच्या ज्या विजेच्या इंजिनांना रेल्वेची माणसे ‘खेकडा’ म्हणत, ती उतरताना आपल्या मोटारींनाच वीज तयार करावयास लावीत आणि ती तारेत परत देत. उतरणाऱ्या गाडीचा जोर चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडू लागला, आणि बिडाचा भार हलका झाला. १९३० च्या जूनमध्ये सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला २०२२ साली नवे एलएचबी डबे मिळाले. त्यांत ठोकळा चाकावर नव्हे, तर आसावरच्या वेगळ्या तबकड्यांवर दाबला जातो. बिडाच्या जागी अनेक पदार्थांच्या मिश्रणाचे ठोकळेही आले. त्यांचे मुख्य वैशिष्ट्य असे की, वेग वाढला तरी त्यांची पकड बिडाइतकी ढळत नाही. म्हणजे गॉल्टनने दाखविलेल्या खोडीवरच तो उपाय आहे.

पुण्याचा या विद्येशी संबंध घाटापुरताच नाही. घाटाची आखणी चालू होती त्याच काळात, १८५४ साली, बांधकामखात्याला जाणती माणसे पुरविण्यासाठी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ते मूळ. आणि १९६६ साली स्थापन झालेली वाहनसंशोधनाची संस्था वेताळ टेकडीवर आहे. मोटारी व त्यांचे भाग रस्त्यावर येण्यापूर्वी तिथे पारखले जातात. ज्या शहरात येण्यासाठी घर्षणाशी झुंजावे लागले, त्याच शहरात आता ते मोजण्याचा उद्योग चालतो.

पण आकडे पुस्तकात आले म्हणून घाट सोपा झाला असे मात्र नाही. द्रुतगती मार्गाने हजारो कुटुंबे सणासाठी याच सह्याद्रीतून मोटारीने खाली उतरतात. मोटारीच्या ब्रेकचे पदार्थ निराळे, पण स्वभाव तोच. उतारभर ब्रेकवर पाय ठेवून राहिले की अस्तर तापते आणि पकड सुटते. अवजड मालमोटारी घाटात बेकाबू होतात त्या बहुधा अशाच. म्हणून जाणते चालक सांगतात की, ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरते आणि ब्रेक थंड राहून खऱ्या गरजेच्या वेळी कामी येतो. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून इंधन वाचविणारा हा सगळा इतिहास विसरलेला असतो.

कूलाँचा नियम खोटा नव्हता. तो ज्या ठोकळ्यांवर आणि ज्या वेगाला काढला, तिथे तो खराच होता. धोका होता तो एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी न मोजता नेण्यात. घर्षण ही वस्तूची जात नव्हे, तो दोन वस्तूंचा त्या घडीचा व्यवहार आहे. वेग बदलला, ऊन बदलले, पाऊस पडला की तो व्यवहार नव्याने ठरतो. बोरघाटात रूळ टाकणाऱ्यांना आकडा पुरता माहीत नव्हता, म्हणून त्यांनी उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला आधी थांबून दाखवावयास लावले. आपल्याला आकडा माहीत आहे. तेव्हा आपण तरी निदान तेवढी सावधगिरी बाळगावी.